वॉर्ड इन्चार्जनो, अंगठा आला म्हणजे निरोप पोचला असं नाही

कोल्हापुरातल्या हॉस्पिटलांत मी वॉर्ड इन्चार्ज, फ्लोअर मॅनेजर, बिलिंग प्रमुख यांना संवादाचं ट्रेनिंग देते. हॉस्पिटल बदललं तरी चुका त्याच दिसतात. सगळ्यांत महाग पडणारी आधी सांगते.

व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप टाकायचा, खाली अंगठे आले की काम झालं असं धरायचं. शहरातल्या एका हॉस्पिटलात इन्चार्ज सिस्टरनी दुपारी लिहिलं, ‘बेड ७ पोटॅशियम रिपीट’, म्हणजे त्या पेशंटच्या रक्तातलं पोटॅशियम पुन्हा तपासा. भराभर अंगठे आले. पण बेड ७ वरच्या आजोबांना तोवर दुसरीकडे हलवलं होतं, त्यांच्या जागी नवा पेशंट आला होता. रक्त त्याचं गेलं. रिपोर्ट नॉर्मल आला, सगळे निर्धास्त. संध्याकाळच्या राऊंडला डॉक्टरांनी रिपोर्टवरचं नाव वाचलं तेव्हा उलगडा झाला. आजोबांचं पोटॅशियम वाढलेलंच होतं. वाढलेल्या पोटॅशियमनं हृदय बंद पडू शकतं. आजोबा वाचले, पण चौकशीत जो तो म्हणत होता, “मी माझं काम केलं.” आणि ते खरंही होतं!

बेड नंबर ही पेशंटची ओळख नव्हे. पूर्ण नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर, दोन्ही सांगा. तातडीचं काम असेल तर मी एकाच माणसाला फोन करायला लावते आणि ऐकलेलं त्याच्याकडून परत म्हणवून घेते. “हो, कळलं” हे उत्तर मी धरत नाही. डोस सांगताना ‘फिफ्टीन’, ‘फिफ्टी’ फोनवर सारखंच ऐकू येतं. ‘वन फाइव्ह’ म्हणा. “एवढा वेळ कुठाय मॅडम?” असं नवे इन्चार्ज विचारतात. चुकलेलं काम निस्तरायला मात्र त्यांची अख्खी संध्याकाळ जाते.

एसबीएआर, म्हणजे पेशंटची माहिती चार पायऱ्यांत सांगायची पद्धत, नुसती पाठ करून थांबू नका. अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांतून ही पद्धत दवाखान्यांत आली: सध्याची स्थिती, मागची हकिकत, आपला अंदाज, आणि काय हवंय. आपल्याकडे चौथ्या पायरीवर जीभ अडखळते. “सर, पेशंट जरा बरा वाटत नाही” एवढ्यावर फोन संपतो. “बीपी ८०/५० आहे, तुम्ही आत्ता येऊन बघा” असं म्हणायची सवय इन्चार्जनंच लावायला हवी.

ज्युनिअरला नातेवाइकांसमोर झापू नका.

दोन तासांचं सेशन, ग्रुप फोटो, सर्टिफिकेट फाईलला, एवढ्यानं काही बदलत नाही. महिनाभर रोजच्या हँडओव्हरला, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंटची माहिती सोपवतात तेव्हा, कुणीतरी शेजारी उभं राहून ऐकावं लागतं.

आणि नातेवाईक. चंदगड, गगनबावड्याहून गाडी भरून माणसं येतात. लिफ्टपाशी प्रत्येकाला वेगळं सांगितलं की भांडण पेटतं. घरातला एक माणूस ठरवून घ्या, त्याला बसवून बोला, तब्येत आधी आणि बिल नंतर. पुढची माहिती किती वाजता देणार ते सांगूनच उठा. आणि त्या वेळेला जा, नवीन काही सांगायला नसलं तरी.