‘सौजन्य : गूगल’ लिहून सुटका होत नाही

‘कथित’, ‘नाव न घेता’, ‘जसं आलं तसं’, ‘सौजन्य : गूगल’. ब्लॉग लिहिणारे हे शब्द ताईतासारखे बांधतात. कोर्टात यातला एकही पुरत नाही.

गूगल फोटो शोधून देतं, पण तो त्याच्या मालकीचा नसतो. भारतात फोटोवरचा हक्क फोटो काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. परीक्षण लिहिताना पुस्तकातला उतारा देणं कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसतं. आवडली म्हणून अख्खी कविता उतरवणं बसत नाही, खाली कवीचं नाव दिलं तरी.

‘आपल्या तालुक्यातल्या दूध संघाचे ते मिशीवाले अध्यक्ष’ असं लिहिलं आणि वाचणाऱ्यांनी माणूस ओळखला, की बदनामीपुरतं नाव घेतल्यासारखंच. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली दोन वर्षांपर्यंत साधी कैद होऊ शकते. ‘पण खरं आहे ना!’ हेही फौजदारी खटल्यात अपुरं पडतं. ते लोकहिताचं होतं, हेही दाखवावं लागतं. ‘रस्ता सहा महिन्यांत उखडला’ हे फोटोसकट लिहा. ‘नगराध्यक्षांनी पैसे खाल्ले’ लिहायचं तर आधी कागद हातात हवा.

सगळ्यात वाईट चूक मात्र सहानुभूतीपोटी होते. अत्याचाराच्या बातमीवर कळवळून लिहितात, ‘नाव बदललं आहे’ म्हणतात आणि पुढच्याच ओळीत गाव, शाळा, वडिलांचं दुकान. झाली ओळख! न्याय संहितेचं कलम ७२ आणि मूल असेल तर पोक्सोचं (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं) कलम २३ इथे लागतं. पीडिता हयात नसली तरी घरच्यांच्या होकारावर नाव छापता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निपुण सक्सेना प्रकरणात सांगितलं. त्याच वर्षी जम्मूतल्या कठुआच्या अत्याचारपीडित मुलीची ओळख उघड केल्याबद्दल दिल्ली उच्च न्यायालयाने माध्यमसंस्थांना प्रत्येकी दहा लाख भरायला लावले.

नोटीस आलीच तर घाबरून लेख उडवू नका. वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा आदेश नव्हे. आधी लेखाची तारखेसकट प्रत आणि पुरावे जपून ठेवा, मग वकिलाला दाखवा. (अपवाद एकच : पीडितेची ओळख फुटली असेल, तर ती ओळ आधी काढा.) माहिती चुकली असेल तर दुरुस्ती लेखाच्या वरच द्या, तळाला दडवू नका. आणि धमकीत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ‘कलम ६६-अ’ दिसलं, तर ते २०१५ सालीच रद्द झालंय. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या मजकुरावरून अटक झाली, त्यानंतर न्यायालयात गेलेल्या श्रेया सिंघल यांच्या याचिकेवरच तो निकाल लागला. उत्तरात तेवढा दाखला पुरे.