नेटवर्किंग लायब्ररी: सोबत द्यायची की सिस्टिमची वापरायची?

हा विषय निघाला की टीममध्ये नव्याने आलेल्यांचा पहिला प्रश्न हमखास आकाराचा असतो. इन्स्टॉलर काही एमबीने वाढेल, चालेल का? चालेल. डेस्कटॉप सॉफ्टवेअरच्या कामात आकारामुळे हा निर्णय अडलेला मी फारसा पाहिलेला नाही. अडतं ते पुढे. जी लायब्ररी तुम्ही इन्स्टॉलरमध्ये घालता, तिच्यात नंतर सापडणाऱ्या प्रत्येक व्हल्नरेबिलिटीचा, म्हणजे सुरक्षेतल्या त्रुटीचा, पॅच युजरपर्यंत पोचवायचं काम तुमच्या गळ्यात पडतं. लायब्ररी लिहिणारे नवी आवृत्ती काढून मोकळे होतात.

७ एप्रिल २०१४ ला हार्टब्लीड हा सुरक्षेचा दोष जाहीर झाला, तेव्हा सोबतची प्रत आणि सिस्टिमची लायब्ररी यांतला फरक सगळ्यांना दिसला. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीच्या १.०.१ पासून १.०.१एफपर्यंतच्या आवृत्त्यांत दोष होता आणि दुरुस्त केलेली १.०.१जी त्याच दिवशी आली. लिनक्सवर जे प्रोग्राम सिस्टिमची लायब्ररी वापरत होते, त्यांच्यासाठी एक पॅकेज अपडेट करून सर्व्हिस रीस्टार्ट करणं पुरेसं होतं (प्रायव्हेट की बदलायचं काम उरलंच, ते वेगळं). ज्या प्रोग्रामांच्या पोटात स्वतःची प्रत होती, त्यांना मात्र सिस्टिम अपडेटचा काडीचा उपयोग नव्हता. प्रत्येकाची नवी रिलीज येईपर्यंत वाट पाहणं आलं.

मग सगळंच सिस्टिमवर सोडावं का? तेही जमत नाही. विंडोजसोबत ओपनएसएसएल येतच नाही. लिनक्सवर कुठे १.०.२, कुठे १.१.१, कुठे ३ मालिका, आणि यांचे एबीआय (तयार बायनरी लायब्ररीशी जोडण्याचे नियम) एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून ‘बंडल करायचं (सोबत द्यायचं) की नाही’ असा एकच सरसकट निर्णय घेऊ नका. लायब्ररीगणिक ठरवा, आणि प्रत्येकीला दोनच प्रश्न विचारा: हिला सुरक्षेचे पॅच किती वेळा लागतात? आणि युजरच्या मशीनवरच्या सेटिंगशी हिचा किती संबंध येतो?

इव्हेंट लूपच्या, म्हणजे अनेक कनेक्शनांवर एकाच वेळी लक्ष ठेवणाऱ्या, लायब्ररी या दोन्ही कसोट्यांवर निवांत असतात. लिबयूव्ही, लिबइव्हेंट, बूस्टमधलं एशियो, यांतलं जे आवडेल ते सोबत द्या, आवृत्ती पक्की करा आणि पुढे चला. यावर तासभर मीटिंग घेणाऱ्या टीम मी पाहिल्या आहेत. तो तास डीएनएसवर (नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधणं) खर्च केलेला बरा.

कारण डीएनएसचं काम दिसतं सोपं, पण युजरच्या मशीनशी त्याच्याइतकं जखडलेलं दुसरं काही नाही. होस्ट्स फाइल, व्हीपीएनने बदललेले सर्व्हर, ऑफिसच्या नेटवर्कचे सर्च डोमेन, लोकल नेटवर्कवरची नावं, हे सगळं ऑपरेटिंग सिस्टिमला ठाऊक असतं. स्वतःचा रिझॉल्व्हर (नावाचा पत्ता शोधणारा कोड) सोबत दिलात की यातली प्रत्येक गोष्ट त्याला नीट कळते का, हे तुम्हाला तपासावं लागतं. नोड जेएसमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्लॅटफॉर्म) हा फरक उघड दिसतो. तिथे ‘डीएनएस लुकअप’ हे फंक्शन सिस्टिमच्या नाव शोधणाऱ्या फंक्शनला, म्हणजे गेटअ‍ॅडरइन्फोला विचारतं, तर ‘डीएनएस रिझॉल्व्ह’ सोबत आलेल्या सी-एरिस या डीएनएस लायब्ररीमार्फत थेट सर्व्हरला. एकाच नावाचं उत्तर दोघांकडून वेगळं येऊ शकतं. आमच्याकडे ‘ब्राउझरमध्ये चालतं, तुमच्या अ‍ॅपमध्ये चालत नाही’ अशी तक्रार आली की मी आधी इथेच बघतो.

स्टॅटिक लिंकिंग केलं, म्हणजे लायब्ररी बायनरीतच जोडून टाकली, की सुटलो, असंही इथे होत नाही. लिनक्सची नेहमीची सी लायब्ररी जीलिबसी स्टॅटिक जोडून गेटअ‍ॅडरइन्फो वापरलंत तर लिंकर इशारा देतो, की चालवताना त्याच आवृत्तीच्या शेअर्ड लायब्ररी लागतीलच. मसल ही दुसरी सी लायब्ररी वापरून पूर्ण स्टॅटिक बायनरी बनते खरी, पण १.२.४ च्या आधीच्या मसलमध्ये डीएनएसचं मोठं उत्तर टीसीपीवरून पुन्हा मागवण्याची सोयच नव्हती. म्हणून माझा कल साधा आहे: गेटअ‍ॅडरइन्फो वेगळ्या थ्रेडवर चालवा आणि रिझॉल्व्हर सिस्टिमचाच ठेवा. एकाच वेळी हजारो नावं शोधायची असतील तरच सी-एरिसकडे वळा.

टीएलएसमध्ये, म्हणजे कनेक्शन एन्क्रिप्ट करणाऱ्या प्रोटोकॉलमध्ये, दोन गोष्टींची गल्लत होते. कोड एक, आणि विश्वासाची यादी, म्हणजे रूट सर्टिफिकेटं, दुसरी. तुम्ही ओपनएसएसएल सोबत दिलंत की यादी कुठून घ्यायची तेही ठरवावं लागतं. बरेच जण सर्टिफिकेटांची फाइल बंडल करतात आणि विसरतात. ऑफिसच्या प्रॉक्सीमागे बसलेल्या युजरचं अ‍ॅप मग चालत नाही, कारण कंपनीचं रूट सर्टिफिकेट विंडोजच्या स्टोअरमध्ये असतं आणि तुमची फाइल त्याला ओळखत नाही. गिट फॉर विंडोजच्या इन्स्टॉलरने यासाठीच पर्याय ठेवला आहे: सोबतचं ओपनएसएसएल वापरा किंवा विंडोजचं एसचॅनल. तो स्क्रीन नुसता ‘नेक्स्ट’ दाबून पुढे ढकलू नका, खालचा मजकूर एकदा वाचा.

कोड जुना राहिला तर काय होतं, याचं उदाहरण ३० सप्टेंबर २०२१ चं. त्या दिवशी मोफत सर्टिफिकेटं देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टच्या साखळीतलं ‘डीएसटी रूट सीए एक्स३’ कालबाह्य झालं. ओपनएसएसएल १.०.२ वापरणारे कित्येक क्लायंट अडले. नवं रूट त्यांच्या यादीत होतं, तरीही. जुना कोड सर्व्हरने पाठवलेल्या साखळीमागे कालबाह्य रूटपर्यंत जायचा आणि दुसरा वैध मार्ग शोधायचाच नाही. नुसती यादी ताजी ठेवून भागलं नसतं.

म्हणून टीएलएससाठी विंडोजवर एसचॅनल, लिनक्सवर डिस्ट्रिब्युशनचं पॅकेज, ही माझी पहिली पसंती. लिबकर्ल ही डेटा ट्रान्सफरची लायब्ररी इथे कामाला येते, कारण वरचा एपीआय तोच ठेवून खाली टीएलएसचा बॅकएंड बदलता येतो. सोबत द्यावंच लागलं तर आवृत्तीचा सपोर्ट कधी संपतो ते आधी पाहा. ओपनएसएसएल १.१.१ चा मोफत सपोर्ट ११ सप्टेंबर २०२३ ला संपला, आणि ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणणाऱ्यांची त्या उन्हाळ्यात धावपळ झाली.

लिबकर्ल सोबत देणार असाल तर सगळंच्या सगळं देऊ नका. त्याला एफटीपी, टेलनेट, एलडॅप, गोफर असं बरंच काही येतं. तुम्हाला बहुधा एचटीटीपीएस एवढंच हवं असतं, बाकीचं बिल्डच्या वेळीच बंद करता येतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये लिबकर्लमधला सॉक्स५ या प्रॉक्सी प्रोटोकॉलचा दोष जाहीर झाला. तो ७.६९.० ते ८.३.० या आवृत्त्यांत होता आणि ८.४.० मध्ये दुरुस्त झाला. प्रॉक्सीचा भागच बिल्डमधून वगळलेला असेल, तर ‘आपल्याला धोका आहे का?’ या मॅनेजरच्या प्रश्नाला एका ओळीत उत्तर देता येत होतं.

प्लगइन घेणारा प्रोग्राम असेल तर आणखी एक भानगड. एकाच प्रोसेसमध्ये त्याच लायब्ररीच्या दोन प्रती आल्या की कधी काय कोसळेल सांगता येत नाही. पोस्टग्रेस डेटाबेसला जोडणाऱ्या पायथनच्या सायकॉपजी२ या लायब्ररीच्या तयार व्हील पॅकेजमध्ये स्वतःचं एसएसएल होतं, पायथनचं वेगळं, आणि मल्टिथ्रेडेड प्रोग्राम क्रॅश व्हायचे. शेवटी २.८ पासून ते तयार पॅकेज फक्त ‘बायनरी’ अशा वेगळ्या नावाने देण्यात आलं. तुमच्या प्रतीचे सिम्बॉल (फंक्शन वगैरेंची नावं) बाहेर दिसू देऊ नका, निदान एवढी काळजी घ्या.

लायसन्सचं थोडक्यात. ओपनएसएसएल ३.० पासून अपाचे २.० लायसन्सखाली आहे, त्याआधीचं लायसन्स जीपीएल या ओपन सोर्स लायसन्सशी जुळत नसे. ग्नूटीएलएस या दुसऱ्या टीएलएस प्रकल्पाची मुख्य लायब्ररी एलजीपीएलखाली आहे. ती स्टॅटिक जोडलीत तर युजरला बदललेल्या लायब्ररीसह पुन्हा लिंक करता येईल अशी सोय द्यावी लागते. कंपनीच्या वकिलांना हे रिलीजच्या आदल्या दिवशी सांगू नका.

नव्या टीममध्ये गेलात की एक काम स्वतःहून मागून घ्या. इन्स्टॉलर उघडून आतल्या प्रत्येक लायब्ररीची आवृत्ती, ती कुठून आली आणि तिच्या सुरक्षा-घोषणा टीममध्ये कोण वाचतो, हे लिहून काढा. शेवटचा रकाना बहुतेक ठिकाणी रिकामा निघतो. मग एक लायब्ररी निवडा, तिची एक आवृत्ती वाढवा आणि बिल्ड, टेस्ट, साइनिंग, ऑटो-अपडेट या मार्गाने ती युजरपर्यंत पोचायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजा. उत्तर आठवड्यांत आलं, तर टीएलएस बंडल करण्याचा मुद्दा पुढच्या मीटिंगमध्ये पुन्हा काढा, आणि तो आकडा सोबत न्या.