कॅल्व्हिन वाचायला बसताना

थिऑलॉजीच्या पहिल्या वर्षाला मी कॅल्व्हिनमध्ये, म्हणजे सोळाव्या शतकातल्या या प्रॉटेस्टंट धर्मसुधारकाच्या लिखाणात, भलत्याच दाराने शिरलो. त्याच्या मुख्य ग्रंथाची, 'इन्स्टिट्यूट्स'ची, अनुक्रमणिका उघडली, 'निवड' (कुणाला तारायचं हे देवाने आधीच ठरवणं) हा शब्द शोधला आणि थेट तिसऱ्या पुस्तकाच्या 21व्या अध्यायावर उडी मारली. देवाने सगळं आधीच ठरवलंय, मग प्रार्थना कशाला करायची? आठवडाभर डोकं भणभणत होतं. शेवटी सरांना गाठलं. ते एवढंच म्हणाले, "20वा अध्याय कशावर आहे, पाहिलास?"

पाहिला नव्हता. तो प्रार्थनेवर आहे, आणि भलामोठा आहे.

म्हणून आधी मांडणी बघा. 1559च्या शेवटच्या आवृत्तीत कॅल्व्हिनने आधी एकत्र असलेले दोन विषय वेगळे केले: ईश्वरी तरतूद (देव जग कसं चालवतो) पहिल्या पुस्तकात नेली आणि निवडीचा विषय तिसऱ्यात, कृपा माणसापर्यंत कशी पोचते याच्या विवेचनात ठेवला. विश्वास ठेवून बसलेला माणूस मागे वळून विचारतो, हे माझ्यात आलं कुठून? त्याला दिलेलं ते उत्तर आहे.

इच्छेचा विषय दुसऱ्या पुस्तकात येतो, आणि माझं सगळ्यात जास्त अडलं ते इथे. अपरिहार्यता वेगळी, जबरदस्ती वेगळी, हा भेद पक्का होईपर्यंत पुढे जाऊ नका. देव चांगलाच असतो, दुसरं काही असूच शकत नाही. पण म्हणून त्याच्यावर कुणी सक्ती करतं का? तसंच पतित माणूस पाप करतो ते अटळपणे, पण स्वखुशीने. त्याचा हात कुणी धरलेला नसतो. त्याला इच्छा असते, प्रश्न आहे तो ती कशाकडे ओढ घेते याचा. (एवढ्याशा गोष्टीला 'स्वतंत्र इच्छा' असं भारदस्त नाव कशाला, असा टोमणाही कॅल्व्हिन मारतो.)

मी हुशारी करून मार्जारन्याय लावला होता: मांजर पिल्लाला तोंडात धरून नेते, तशी कृपा. उपमा गोड आहे, पण अर्धवट. डॉर्टच्या सिनडने (नेदरलँड्समधली कॅल्व्हिनवादी चर्चसभा, 1618-19) आपल्या निर्णयांच्या तिसऱ्या-चौथ्या प्रकरणाच्या 16व्या कलमात स्पष्टच म्हटलंय की कृपा माणसाला लाकडाच्या ओंडक्यासारखं वागवत नाही; ती त्याची इच्छा जिवंत करते, बरी करते आणि गोडीने पण ताकदीने वळवते. पिल्लू नुसतं उचललं जातं. इथे माणूस स्वतः चालू लागतो.

तरीही डोक्यात बसत नसेल तर बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय 27 वाचा. वादळात जहाजावर 276 माणसं. एकाचाही जीव जाणार नाही, असं देवदूताने पौलाला सांगितलेलं. पण खलाशी नांगर टाकायच्या मिषाने होडी खाली सोडून पळायला निघतात, तेव्हा तोच पौल म्हणतो, हे जहाजावर राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. शिपाई होडीचे दोर कापतात. वचनही खरं, दोर कापणंही खरं.

'ट्यूलिप' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कॅल्व्हिनवादाच्या पाच मुद्द्यांनी मात्र सुरुवात करू नका. ती इंग्रजी आद्याक्षरांची सोय आहे. डॉर्टचा स्वतःचा क्रमही तसा नाही.

आणि आर्मिनियसला, म्हणजे निवडीच्या या शिकवणीला आव्हान देणाऱ्या डच धर्मपंडिताला, त्याच्या विरोधकांच्या तोंडून ऐकू नका. तो जिनिव्हात कॅल्व्हिनचा वारसदार बेझा याच्याच हाताखाली शिकलेला. 1609 मध्ये तो वारला; पुढच्या वर्षी त्याच्या अनुयायांनी जी पाच कलमं मांडली, त्यातलं तिसरं सांगतं की कृपेवाचून माणसाला खरं चांगलं काही करताच येत नाही. एवढ्यावर दोन्ही बाजू एकच बोलतात. कृपेवरून भांडण लागतं ते चौथ्या कलमात: ही कृपा माणसाला झिडकारता येते का?