टर्नर सिंड्रोम असलेल्या मुलीचे ग्रोथ हार्मोन नागपूरच्या उन्हाळ्यात कसे सांभाळावे

टर्नर सिंड्रोममध्ये मुलीच्या दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक पूर्णपणे किंवा अंशतः नसते. कॅरियोटाइप, म्हणजे गुणसूत्रांच्या तपासणीने निदान पक्के झाले असेल आणि हृदयाचा इको व मूत्रपिंडांची सोनोग्राफी करून झाली असेल, तर "पाळी आली की उंची आपोआप वाढेल" या सल्ल्यावर एक दिवसही घालवू नये. उपचार न घेतल्यास या मुलींची उंची सरासरी स्त्रीपेक्षा सुमारे २० सेंटीमीटर कमी राहते आणि बहुतेकींची पाळी औषधाशिवाय सुरूच होत नाही. "हिच्या रक्तात हार्मोन पुरेसे आहे, मग इंजेक्शन कशाला?" हा प्रश्नही चुकीचा आहे. उणीव हार्मोनची नसून हाडांच्या वाढीसाठी लागणाऱ्या शॉक्स जनुकाची असते, म्हणून डोस जास्त लागतो. तज्ज्ञ तो वजनावरून ठरवतात, साधारणपणे दर किलोमागे रोज ४५ ते ५० मायक्रोग्रॅम.

इंजेक्शन रात्री झोपण्यापूर्वी, मांडीच्या किंवा पोटाच्या त्वचेखाली, रोज जागा बदलून द्यावे आणि इंजेक्शनच्या पेनचे बटण दाबल्यावर दहापर्यंत मोजून मगच सुई काढावी. आठवडाभरात हात बसतो.

कठीण आहे ते औषध सांभाळणे. आमच्या पहिल्याच नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, जितके थंड तितके चांगले असे समजून मी औषधाची डबी फ्रीझरखालच्या ट्रेमध्ये ठेवली. सकाळी काचेच्या नळीत बर्फाचे बारीक तंतू दिसले. दुपारपर्यंत ते विरघळून औषध पाण्यासारखे स्वच्छ झाले आणि "वितळले ना, आता द्या" या शेजारच्या सल्ल्यावरून मी ते सलग चार रात्री मुलीला टोचले. डॉक्टरांना विचारले तेव्हा कळले की गोठल्याने त्यातील प्रथिन बिघडते आणि ते बिघडलेले डोळ्यांना दिसेलच असे नाही. एकदा गोठलेले औषध, कितीही महाग असले तरी, फेकावेच.

औषधाला २ ते ८ अंश सेल्सिअस तापमान लागते. झाकणाचा डबा मधल्या कप्प्यात, मागच्या भिंतीला न टेकता ठेवावा; दारात कधीही ठेवू नये. शेजारी थर्मामीटर असावाच. लाइट गेली की फ्रीजचे दार उघडू नये. काही पेन पहिल्या वापरानंतर २५ अंशांपर्यंत बाहेर चालतात, असे त्यांच्या माहितीपत्रकात लिहिलेले असते. परंतु मे महिन्यात कूलर लावलेली आपली खोलीसुद्धा २५ अंशांवर येत नाही, म्हणून ती सवलत आपल्यासाठी नाही असे मी ठामपणे सांगते. धंतोलीहून औषध आणायचे तर सकाळीच जावे, आइसपॅक आणि डबी यांच्यामध्ये सुती टॉवेलची घडी घालावी, कारण बर्फाला चिकटलेले औषधही गोठते. स्कूटीच्या डिक्कीत ते पाच मिनिटेही ठेवू नये.

दर तीन ते सहा महिन्यांनी उंची मोजावी. थायरॉइड, साखर, आयजीएफ-१ (ग्रोथ हार्मोनचा परिणाम दाखवणारा रक्तातील घटक) आणि पाठीचा कणा डॉक्टर तपासतात. उलटीसह तीव्र डोकेदुखी, अंधुक दिसणे, लंगडणे किंवा खुब्यात अथवा गुडघ्यात दुखणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी दाखवावे.

इस्ट्रोजेन ११-१२ वर्षांच्या वयात अगदी कमी मात्रेने सुरू होते आणि दोन-तीन वर्षांत हळूहळू वाढवले जाते; घाई करून मात्रा वाढवल्यास हाडांची टोके लवकर जुळतात आणि उंची तिथेच थांबते. एक्स-रेवरून ठरणारे हाडांचे वय १४ वर्षे झाले किंवा वर्षभरातील वाढ २ सेंटीमीटरहून कमी झाली की ग्रोथ हार्मोन बंद करतात. इस्ट्रोजेन मात्र पुढेही चालू राहते.