आरेला येण्याआधी

या रविवारी हवामानबदलावर काम करणाऱ्या गटातली बरीच मुलंमुली पहिल्यांदाच आरेत, म्हणजे मुंबईतल्या गोरेगावच्या जंगलात, निदर्शनाला येणार आहेत. ‘काय काय आणू?’ असे मेसेज शुक्रवारपासून येतायत, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

फलकापासून सुरुवात करते, कारण सगळे तिथूनच करतात. पावसाळा आहे. पुठ्ठ्यावर स्केचपेनने लिहिलेलं पहिल्याच सरीत वाहून जातं, निळी शाई मनगटावरून कोपरापर्यंत उतरते आणि हातात लगदा राहतो. घरात जुनी सुती साडी किंवा मांजरपाटाचा तुकडा असेल तर त्यावर ऑइल पेंटने लिहा. दोन दिवस आधी लिहा, वाळायला वेळ लागतो. फ्लेक्स नको. झाडाला खिळा तर अजिबात ठोकायचा नाही. सुती दोरीने बांधा आणि निघताना दोरी सोडून घ्या. फलकावर वारली चित्रं हवी असतील तर पाड्यावरच्या, म्हणजे इथल्या आदिवासी वस्तीतल्या, कुणाला विचारा, त्यांच्या हातून काढून घ्या. लग्नाचा चौक तिथे सुवासिनी लिहितात, हो, ‘लिहितात’च म्हणतात. नुसती सजावट म्हणून ती चित्रं उचलू नका.

आता माहिती. आरेत तुम्हाला कुणीही अडवून विचारेल, मेट्रो नको का तुम्हाला? तेव्हा अडखळू नका. मेट्रोला विरोध कुणाचाच नव्हता, कारशेडच्या, म्हणजे मेट्रोचे डबे ठेवायच्या आणि दुरुस्त करायच्या आगाराच्या, जागेला होता. महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे 80 हजारांहून जास्त हरकती गेल्या, तरी झाडं तोडायची परवानगी मिळाली. 4 ऑक्टोबर 2019 ला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. 7 तारखेला सर्वोच्च न्यायालयाने थांबवेपर्यंत 2,141 झाडं आडवी झाली होती. 2020 मध्ये 800 एकरांवर राखीव जंगल जाहीर झालं, कारशेड कांजूरमार्गला हलवायचं ठरलं, आणि 2022 मध्ये नवं सरकार येताच ती परत आरेत आली. एवढा क्रम तरी पाठ हवा. त्याला मिठी नदी जोडा. कारशेडची जागा मिठीच्या काठची, आणि 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा हीच मिठी कुर्ल्यात, कलिनात घराघरांत शिरली होती. तुम्ही कर्बनची भाषा शिकून आलाय, चांगलंच आहे. पण इथल्या माणसाला पाणी कुठे मुरतं आणि कुठे तुंबतं हे सांगितलं की लगेच कळतं.

सगळ्यात जास्त तयारी मात्र पाड्यांसाठी करा. आरेत 27 पाडे आहेत. वारली, मल्हार कोळी, कोकणा अशी कुटुंबं दुग्ध वसाहत 1949 मध्ये उभी राहण्याच्या आधीपासून इथे राहतात. कारशेडसाठी झाडं पडायच्या आधी प्रजापूरपाड्यातली घरं पडली. ज्यांच्या दाराशी भाजीचे वाफे होते ते इमारतीतल्या खोल्यांत गेले. तेव्हा शहरातून फार कुणी आलं नव्हतं. मीही नव्हते आले, आणि हे मला अजून टोचतं. पुढे मी पाड्यावर जायला लागले तेव्हा एका बाईंनी आमच्या घोषणा शांतपणे ऐकून घेतल्या आणि मग विचारलं, तुमच्यात कुणाला अर्ज लिहिता येतो का? नळासाठी कितीतरी फेऱ्या झाल्या होत्या त्यांच्या. त्या दिवशी आमच्या पिशवीत फलक होते, रंग होते, ढोलकी होती, पण एक कोरा कागद नव्हता.

म्हणून कोरे कागद आणा, पेन आणा, कार्बन पेपर मिळाला तर तोही. वनहक्क कायदा, 2006 चा, जंगलात पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्यांना जमिनीवर हक्काचा दावा करू देणारा, मराठीत वाचून या, निदान दाव्याच्या पुराव्यांचा नियम तरी. वैयक्तिक दाव्यासाठी 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासूनचा ताबा दाखवावा लागतो आणि एकाहून जास्त पुरावे जोडावे लागतात. सरकारी कागदच लागतो असं नाही. वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब चालतो. जुनी विहीर, बांध, दफनभूमी, देवस्थान हेही पुरावे आहेत. वाघोबाचं, म्हणजे वाघदेवाचं, ठाणं हासुद्धा पुरावा होऊ शकतो, हे कळल्यावर माझी तर नजरच बदलली. ज्यांचं अक्षर चांगलं आहे त्यांनी म्हाताऱ्यांजवळ बसून ते सांगतील तसं, त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावं. घाई करू नये. दावा त्यांचा, सही किंवा अंगठा त्यांचा, कागदही त्यांच्याकडेच राहणार. फोटो विचारल्याशिवाय काढू नका आणि पत्र्याच्या पेटीतल्या रेशनकार्डाचा तर कधीच टाकू नका. माइक हातात आला तर आधी पाड्यावरच्या माणसाला द्या. घोषणा कोणत्या द्यायच्या, कुठे थांबायचं, हे तेच ठरवतील.

पोलिसांचं. जमावबंदी लागू आहे का हे निघण्याआधी संयोजकांना विचारा. जमावबंदीचं पूर्वीचं कलम 144 आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 163 झालंय. 2019 मध्ये 29 जणांना अटक झाली होती, त्यांत परीक्षा तोंडावर असलेले विद्यार्थी होते. वकिलाचा नंबर फोनमध्ये नको, हातावर पेनने लिहा, फोन काढून घेतला जाऊ शकतो. ओळखपत्र, रोजची औषधं, घरी कुणाला तरी सांगून येणं. ताब्यात घेतलं तर 24 तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे नेणं बंधनकारक आहे, आणि अपवादात्मक परिस्थिती सोडली तर बाईला सूर्यास्तानंतर अटक करता येत नाही. अठराच्या आतल्यांनी पालकांशिवाय येऊ नये. 2022 मध्ये आरेच्या निदर्शनांत मुलं दिसली म्हणून राष्ट्रीय बालहक्क आयोगाने थेट मुंबई पोलिसांना पत्र लिहिलं होतं.

बाकी किरकोळ. पायात बंद बूट, पूर्ण बाह्यांचा शर्ट, डासांचं मलम, स्टीलची बाटली, स्वतःचा डबा. पाड्यावर कुणी भाकरी दिली तर नाही म्हणू नका, पण सगळ्या गटाचं जेवण त्यांच्यावर टाकू नका. अंधार पडायच्या आत निघायचं. बिबट्या इथलाच आहे, त्याची फिरायची वेळ तीच. रेंगाळलात तर घोळक्याने चाला, टॉर्च पेटता ठेवा, झाडीच्या कडेला एकट्याने वाकून बसू नका.

आणि निघताना, दोऱ्या सोडून झाल्या की, दाव्यांचे कागद लिहायला परत कधी बसायचं ते पाड्यावर विचारून घ्या. कामाचा वार असेल तर सुट्टीचा अर्ज त्याच रात्री टाका.