पुरणाला जायफळाचा वास का येत नव्हता

होळीच्या आधी पुरण शिजवलं, डाळ-गूळ जमून आला, पण जायफळाचा पत्ताच नाही. पूड तर नेहमीएवढीच घातली होती. दोष पुडीचाच. जायफळाचा सुगंध त्यातल्या उडनशील तेलात असतो आणि एकदा पूड केली की ते भराभर उडून जातं. पाकिटावरची तारीख काही का म्हणेना!

मग रविवार पेठेतून अख्खी जायफळं आणली. हाताला जड लागणारी, कीड न लागलेली निवडायची. भोकं दिसली की सरळ नकार. बारीक किसणीवर लागेल तेवढंच किसते, आणि गॅस बंद केल्यावर. आधी पुरणाबरोबर रटरटत राहायचं, तिथेही वास जायचाच. श्रीखंडाला हा प्रश्न नाही, ते थंडच. कॉफीत मात्र कप भरल्यावर वरून चिमूटभर.

हात आखडताच ठेवा. किलोभर डाळीच्या पुरणाला एक मध्यम जायफळ माझ्या मते भरपूर. एकट्याने चमचा-दोन चमचे पूड खाल्ली तर त्यातल्या मिरिस्टिसिन नावाच्या द्रव्यामुळे मळमळ, छातीत धडधड, तोंडाला कोरड, अगदी भासही होऊ शकतात. तेही काही तासांनी, त्यामुळे कारण पटकन लक्षात येत नाही. झोप लागावी म्हणून दुधात उगाळतात, तेव्हा सहाणेवर दोन-चार वेढेच. तान्ह्या बाळाच्या गुटीचं डॉक्टरांना विचारा, आजेसासूबाई काहीही म्हणोत.

उरलेली जायफळं घट्ट झाकणाच्या बरणीत, गॅसपासून लांब.