मूल जेवत नाही? आधी या चुका टाळा

संध्याकाळी सांगलीच्या आमराईत पोरांना घेऊन आलेल्या आयांच्या गप्पा ऐका, रड एकच: "काही खातच नाही गं."

माझीही तीच होती. लेक दीड वर्षाची आणि मी वरणभाताची वाटी घेऊन घरभर तिच्या मागे. शेवटी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी एवढंच विचारलं, "दूध किती पिते?" मी कौतुकानं सांगितलं, "रतिबाचं म्हशीचं, दिवसाला लिटरभर!" चूक तिथंच होती.

वर्ष झाल्यावर दिवसाला अर्धा लिटर दूध भरपूर झालं. त्याच्या वर गेलं की एवढंसं पोट दुधानंच भरतं, मग भाकरीला जागा कुठली? शिवाय दुधात लोह जवळजवळ नसतंच, आणि जेवणातलं लोहही ते नीट अंगी लागू देत नाही. दूध ढोसणारी पोरं म्हणूनच फिकट दिसतात. आम्ही बाटली बंद केली, दोन छोटे कप ठेवले, तेही जेवण झाल्यावर. आठवडाभर रडारड. सासूबाई म्हणायच्या, "पोरगी दुधावर तर जगतीया!" तिसऱ्या आठवड्यात तिनं आमटीत कुस्करलेली ज्वारीची भाकरी स्वतःच्या हातानं खाल्ली. निम्मी सांडली, पण खाल्ली.

दुसरी चूक आपल्या अपेक्षेची. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या तिप्पट होतं, दुसऱ्या वर्षात मात्र जेमतेम अडीच किलोच्या आसपास वाढतं. वाढीचा वेग कमी झाला की भूकही कमी होणारच. शेजारच्या गुबगुबीत पोराकडे बघू नका, अंगणवाडीतल्या तक्त्यावर वजनाची रेघ बघा. रेघ वर चाललीय आणि मूल खेळतंय, तर चार घास कमी गेले म्हणून बिघडत नाही. रेघ आडवी झाली किंवा खाली वळली, तर मात्र डॉक्टर गाठा.

मोबाईल लावून भरवणं सगळ्यांनाच माहीत आहे, आणि सगळेच करतात. जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच म्हणते. त्या नादात पोट भरलंय हेही पोराला कळत नाही.

मधल्या वेळचं खाणं ही आपल्याकडची खास अडचण. भडंग घरात असतंच, आणि पाहुणा आला की कौतुकानं मूठभर पोराच्या हातावर ठेवतो. त्यातले अख्खे शेंगदाणे लहान मुलाच्या श्वासनलिकेत अडकू शकतात. पाच वर्षांपर्यंत शेंगदाणा कुटाच्या रूपातच द्या. तासगावची द्राक्षंही अख्खी नकोत, उभी चिरून चार फोडी करा. बेदाणा भिजवून कुस्करा. पळतापळता खाणं नकोच. घास अडकला आणि मूल जोरात खोकत असेल, तर खोकू द्या. आवाज फुटत नसेल, तर त्याला पुढं वाकवून दोन्ही खांद्यांच्या मध्ये पाठीवर तळहाताच्या मनगटाजवळच्या भागानं पाच जोराचे दणके द्या आणि कुणाला तरी 108 ला फोन करायला सांगा. दिसत नसलेल्या घासासाठी घशात बोट घालू नका, तो आणखी आत जातो.

राहिला चहा. त्यानं भूक मरते आणि जेवणातलं लोहही वाया जातं. सासूबाई अजून दुपारी नातीला हळूच एक बिस्किट देतात. चहात न बुडवता, एवढ्यावर आमची तडजोड झालीय.